मायना आधी, सही नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या आजोबांनी साठेक वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात चामडी बांधणीचं एक लहानसं इंग्रजी प्रार्थनापुस्तक घेतलं. आतल्या कोऱ्या पानावर शाईनं इंग्रजीत मजकूर आहे. तुम्ही त्याचा अर्थ दिलाय, ‘माझा लाडका पुतण्या लुई यास, प्रेमळ काका एडवर्डकडून. मुंबई, नोव्हेंबर १८७५.’ त्याच्या खाली शिसपेन्सिलीनं लिहिलंय, ‘प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग, सेरापिस जहाज.’ विकणाऱ्यानं आजोबांना सांगितलं होतं की इंग्लंडच्या युवराजानं, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनं, नौदलातल्या आपल्या पुतण्याला दिलेली ही सप्रेम भेट आहे. आता एक दलाल म्हणतो, माझ्याकडे द्या, मी लंडनच्या लिलावात लावतो. हे हस्ताक्षर खरं की खोटं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो, कारण घरात या पुस्तकावरून बरीच चर्चा झालेली तुमच्या पत्रावरून दिसते. हा मजकूर युवराजाचा नाही. पण म्हणून तो बनावट आहे असंही मी म्हणणार नाही. शाईतल्या ओळी बहुधा खऱ्याच आहेत आणि खरोखर १८७५ च्याही असू शकतात. गोत्यात आणते ती पेन्सिलीतली ओळ.

मी कागद तपासायला शिकलो ते मोडी दप्तरांवर. तिथं पहिला धडा मिळतो तो मायन्याचा. तीर्थरूप कुणाला, चिरंजीव कुणाला, राजश्री कुणाला, अखंडितलक्ष्मीअलंकृत कुणाला हे ठरलेलं असे. नातं आणि पायरी पाहून मायना पडायचा. अक्षर हुबेहूब जमवणारे कारकून पुष्कळ होते, पण लिहिणारा आणि घेणारा यांचं त्या तारखेला नेमकं नातं काय होतं, हे बनावट कागद करणाऱ्याला दर वेळी ठाऊक नसायचं. तिथं तो घसरायचा. इंग्रज राजघराण्यातल्या भेटीच्या मजकुरालाही मी हीच फूटपट्टी लावतो. सही सगळ्यात शेवटी बघतो.

तर नातं बघू. लुई बॅटनबर्ग जन्मला २४ मे १८५४ रोजी, ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथं. घराणं जर्मनीतलं, हेसचं. १८६८ मध्ये चौदाव्या वर्षी तो इंग्लंडच्या नौदलात शिरला आणि ब्रिटिश प्रजाजन झाला. १८७५ च्या हिवाळ्यात इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा हा एकवीस वर्षांचा सब-लेफ्टनंट त्यांच्या ताफ्यात, सेरापिस जहाजावर होता. सेरापिस हे मुळात हिंदुस्थानात पलटणी ने-आण करणारं जहाज, या दौऱ्यापुरतं सजवलेलं. ८ नोव्हेंबर १८७५ ला ते मुंबईला लागलं. दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला, युवराजांचा ३४ वा वाढदिवस मुंबईतच झाला. लुईला चित्रकलेचं अंग होतं, त्यानं या दौऱ्यात काढलेली चित्रं लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापूनही आली. म्हणजे माणूस खरा, जहाज खरं, गाव खरं आणि महिनाही खरा. पेन्सिलवाल्यानं इथवरचा अभ्यास बरोबर केलाय, हे मान्य करावं लागतं.

पण १८७५ मध्ये लुई युवराजांचा पुतण्या होता का? नव्हता. भाचाही नव्हता.

युवराजांची बहीण ॲलिस १८६२ मध्ये हेसच्या राजघराण्यात दिली होती. तिच्या नवऱ्याचं नावही लुईच. आपला बॅटनबर्गचा लुई हा त्या नवऱ्याचा सख्खा चुलतभाऊ, कारण दोघांचे वडील सख्खे भाऊ. म्हणजे १८७५ मध्ये युवराजांशी त्याचं नातं काय, तर बहिणीच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत अशा माणसाची ओळख ‘आमच्या व्याह्यांकडचे’ म्हणून करून देतील. तोवर रक्ताचा संबंध सांगावा असा काही नव्हता.

नातं पालटलं ते ३० एप्रिल १८८४ ला. त्या दिवशी डार्मस्टाटला लुईचं लग्न झालं ते ॲलिसच्याच थोरल्या मुलीशी, व्हिक्टोरियाशी. व्हिक्टोरिया ही युवराजांची भाची. म्हणजे लुई झाला भाचजावई आणि युवराज त्याचे मामेसासरे. पुढच्याच वर्षी लुईच्या धाकट्या भावाचं, हेन्रीचं, लग्न युवराजांच्या सगळ्यात धाकट्या बहिणीशी, बिॲट्रिसशी झालं. त्यामुळे हेन्री युवराजांचा मेहुणा, आणि थोरला भाऊ मात्र भाचजावई. आपल्या भाषेत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे म्हणून गुंता लगेच दिसतो. इंग्रजीत काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा, मामेसासरा सगळ्यांना एकच ‘अंकल’, आणि पुतण्या, भाचा, भाचजावई सगळ्यांना एकच ‘नेव्ह्यू’. तुमच्या भाषांतरात ‘काका’ आणि ‘पुतण्या’ आले ते त्यामुळेच. तुमची चूक नाही. पण अशा मजकुराचं मराठी करताना आधी घराण्याचा वंशवृक्ष कागदावर काढावा आणि मग शब्द निवडावा. तो काढला की आपोआप विचारावं लागतं, हे नातं कोणत्या साली जुळलं? तुमच्या पुस्तकावरचं नातं तारखेच्या साडेआठ वर्षं पुढं धावतंय.

कुणी म्हणेल, प्रेमानं म्हटलं असेल. वडीलधारा माणूस शेजारच्या मुलालाही पुतण्या म्हणतो. बोलताना म्हणतो, खरंय. म्हणून एवढ्यावर मी निकाल दिला नसता. पुढचा पुरावा मात्र कोणत्याही प्रेमानं झाकला जात नाही.

युवराजांचं नाव ‘एडवर्ड’ नव्हतं. त्यांचं नाव आल्बर्ट एडवर्ड. घरात त्यांना ‘बर्टी’ म्हणत. सही ‘आल्बर्ट एडवर्ड’ किंवा नुसती ‘ए. ई.’ ही दोन अक्षरं. नुसतं ‘एडवर्ड’ हे नाव त्यांनी धारण केलं ते आई व्हिक्टोरिया राणी २२ जानेवारी १९०१ ला वारल्यानंतर, राजपदावर येताना. ‘आल्बर्ट’ हे नाव आपल्या वडिलांचंच राहावं, अशी इच्छा त्यांनी तेव्हा बोलून दाखवली होती. पुढं सगळं जग त्यांना सातवा एडवर्ड म्हणूनच ओळखू लागलं. आपण मुंबईकरही त्याला अपवाद नाही. मुंबईच्या ‘काळा घोडा’ भागाला ज्यावरून नाव पडलं त्या मूळच्या काळ्या घोड्यावरचा स्वार म्हणजे हेच युवराज, याच १८७५ च्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी बसवलेले. १९६५ मध्ये तो पुतळा तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. तो कुणाचा असं विचारा, लोक ‘किंग एडवर्डचा’ म्हणून सांगतात, पण पुतळा बसला तेव्हा किंगही नव्हता आणि नुसता एडवर्डही नव्हता. पेन्सिलीतली ओळ लिहिणारा या नंतरच्या नावाच्या काळातला आहे. ‘एडवर्ड’ वाचताच त्याला राजा आठवला. १८७५ च्या माणसाला तो आठवला नसता.

आता तुमच्याच पुस्तकातली साक्ष. तुम्ही पाठवलेल्या चार फोटोंमध्ये शेवटचा फोटो तुम्ही केवळ छपाई सुंदर आहे म्हणून पाठवलाय. माझ्यासाठी तोच सगळ्यात मोलाचा. हे अँग्लिकन पंथाचं, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचं, प्रार्थनापुस्तक आहे, आणि त्यात राजघराण्यासाठी एक प्रार्थना असते. त्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांची नावं छापावी लागत, आणि माणसं बदलली की नावंही बदलत. त्यामुळे ज्या प्रतीवर साल नाही तिचा काळही या ओळीवरून काढता येतो. तुमच्या पानावर छापलंय, ‘आल्बर्ट एडवर्ड प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि लगोलग ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’. युवराजांचं लग्न मार्च १८६३ चं. म्हणजे पुस्तक १८६३ नंतरचं आणि १९०१ च्या आधीचं. नोव्हेंबर १८७५ त्यात व्यवस्थित बसतं, म्हणून शाईतल्या मजकुराच्या तारखेवर संशय घ्यायला पुस्तक जागा देत नाही. पण युवराजांचं खरं नाव काय, तेही हेच पुस्तक छापील अक्षरांत सांगतंय.

शाईबद्दल तुम्ही विचारलंय, ‘तपकिरी आहे म्हणजे जुनी ना?’ नुसत्या रंगावर जाऊ नका. त्या काळची इंग्रजी शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. लिहिताना फिकी, हवा लागली की काळी, आणि काही दशकांनी कडांकडून तपकिरी होत जाणारी. ती कागदात मुरते, कधी कागद खातेही. आपल्या मोडी दप्तरातली काजळाची शाई याच्या अगदी उलट. ती कागदाच्या पाठीवर बसते, दोनशे वर्षांनीही काळीभोर राहते आणि पाणी लागलं की फिसकटते. तपकिरी रंगाची शाई आज बाजारात विकत मिळते, तेव्हा रंग हा पुरावा नाही. मुरणं हा पुरावा आहे. तुमच्या दुसऱ्या फोटोत समोरच्या पानावर, अक्षरांच्या नेमक्या समोर, उलटी पिवळसर छाया दिसते. ‘लुई’च्या पहिल्या अक्षराचा फाटा तर तिथं चांगला ओळखू येतो. पुस्तक मिटलेलं असताना शाईतलं आम्ल समोरच्या कागदावर हळूहळू उतरतं, त्याची ती खूण. हे एका रात्रीत करणं कठीण आहे.

दुसरं, भिंगातून खाली येणाऱ्या जाड रेषा बघा. पोलादी निबाला दोन पाती असतात. हात दाबला की ती फाकतात आणि रेषेच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा गडद उमटतात, जणू रुळाचे दोन पट्टे. तुमच्या फोटोत ते पट्टे आहेत, आणि ते अडखळत नाहीत. नक्कल करणाऱ्याचा हात मधेच थांबतो, उचलतो, पुन्हा टेकतो, आणि थांबल्या जागी शाईचा बारीक ठिपका साठतो. इथं तसं काही नाही. ज्यानं लिहिलं तो सरळ, सवयीनं लिहून मोकळा झालाय.

तिसरी गोष्ट तुम्हालाच बघावी लागेल, फोटोत कळत नाही. पानाच्या वरच्या कोपऱ्याशी कसरीनं पाडलेली दोन भोकं आहेत. त्यातलं एक तारखेच्या अगदी काठावर आहे. भोक आधीचं असेल आणि मजकूर नंतरचा, तर शाई भोकाच्या कडेच्या उघड्या तंतूंत ओढली जाऊन काठ काळा होतो. भोक नंतरचं असेल तर ते अक्षराला कापत स्वच्छ जातं. दहापट भिंग आणि खिडकीजवळचा तिरपा उजेड एवढं पुरे. एकेकाळी ही एवढीशी खूण न बघता मी एका संग्राहकाला ‘ठीक वाटतंय’ म्हणून बसलो होतो. कागद खरोखर शंभर वर्षांचा होता, लिखाण पाच वर्षांचंही नव्हतं. त्या गृहस्थांनी चांगली रक्कम मोजली. तेव्हापासून जुन्या कोऱ्या पानावरचा मजकूर मी भोकं, घड्या आणि डाग यांच्याशी जुळवून पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही.

पेन्सिलीची ओळ मात्र वेगळ्या हाताची, वेगळ्या वळणाची आहे, आणि ती समोरच्या पानावर उतरलेल्या पिवळ्या छायेच्या हिशेबात कुठंच येत नाही. जुन्या पुस्तकांचे विक्रेते आतल्या पानावर पेन्सिलीनं किंमत, खुणा, नोंदी लिहितात, ही जगभरची रीत. कुणीतरी ‘लुई’, ‘एडवर्ड’, ‘मुंबई’, ‘१८७५’ ही चार नावं-आकडे जोडून एक गोष्ट तयार केली. फसवायचंच होतं असं नाही, स्वतःलाही ती पटली असेल. पण कृपा करून ती ओळ खोडू नका. पुस्तक कुणाच्या हातातून गेलं याचा तोही एक दाखला आहे.

नौदलातल्या तरुण नातेवाइकाला राजघराण्यातून आलेली खरी भेट कशी ओळखावी, हेही तुम्ही विचारलंय. तिथंही आधी मायनाच. तारखेला तो मुलगा कोणत्या हुद्द्यावर होता, कॅडेट, मिडशिपमन, सब-लेफ्टनंट की लेफ्टनंट, आणि तेव्हा तो जमिनीवर होता की समुद्रावर, हे नौदलाच्या नोंदीत असतं. लुईचंच घ्या. तो १८७६ मध्ये लेफ्टनंट झाला, तेव्हा १८७५ च्या भेटीवर त्याला लेफ्टनंट म्हटलेलं दिसलं की पुस्तक मिटावं. त्याचा धाकटा मुलगा १९०० मध्ये जन्मला, त्याचंही नाव लुईच. तो १९१३ मध्ये नौदलाच्या शाळेत गेला. जुलै १९१७ मध्ये महायुद्धातल्या जर्मनविरोधी भावनेमुळे या घराण्यानं बॅटनबर्ग सोडून ‘माउंटबॅटन’ हे आडनाव घेतलं. म्हणून १९१५ च्या नाताळातली ‘लुई माउंटबॅटन’ला दिलेली भेट कुणी समोर ठेवली तर अक्षर कितीही राजेशाही असो, ती पुढं तपासायची गरज नाही. हाच मुलगा आपला शेवटचा व्हाइसरॉय.

सहीतली आद्याक्षरंही साल सांगतात. व्हिक्टोरिया राणीच्या सहीला ‘आर. आय.’ (‘राणी’ आणि ‘सम्राज्ञी’ या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं) मधला ‘आय’, म्हणजे सम्राज्ञीपदाचा अंश, जोडला गेला तो १८७६ च्या कायद्यानंतर. त्या कायद्याची चर्चा सुरू झाली तेव्हा युवराज हिंदुस्थानातच होते. आपल्याला ही बातमी घरून न कळता वर्तमानपत्रांतून कळावी, याचं त्यांना फार वाईट वाटलं होतं. त्याआधीच्या तारखेच्या कागदावर व्हिक्टोरियाच्या नावापुढं हा ‘आय’ दिसला तर तो नंतर घातलेला. हेच अक्षर शेवटी गळालं ते ऑगस्ट १९४७ मध्ये. सहाव्या जॉर्जनं आईला, मेरी राणीला, लिहिलेल्या पत्राच्या सहीत पहिल्यांदा ‘आय’ नव्हता, आणि त्या माउलीनं लिफाफ्यावर स्वतःच्या हातानं तशी नोंद करून ठेवली, फार वाईट वाटतं म्हणून. राजकारणात तिचं-माझं कधीच जमलं नसतं, पण कागदावरचं एक अक्षर गेलेलं आईच्या नजरेला लगेच दिसतं, हे मी विसरू शकत नाही.

आणखी एक सावधगिरी, कारण सातारा-रत्नागिरीकडच्या सैनिकी घरांतून मला याची विचारणा वारंवार होते. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या नाताळात राजाराणीच्या शुभेच्छांची कार्डं वाटली गेली. त्यावरचा मजकूर आणि सह्या हुबेहूब शाईच्या दिसतात, पण त्या छापील आहेत. भिंगाखाली रेषेच्या कडा गडद नसतात, कागदावर निबाचा चरा नसतो, आणि दोन कार्डं शेजारी ठेवली तर अक्षर न् अक्षर एकमेकांवर बसतं. माणसाचा हात दोनदा तेच लिहीत नाही. अशी कार्डं घरात असतील तर जपून ठेवा. ज्या आजोबा-पणजोबांमुळे ती घरात आली त्यांच्या नोकरीचा तो पुरावा आहे, राजाच्या हस्ताक्षराचा नाही.

आता दलालाचं. पुस्तक त्याच्या हाती देऊ नका आणि देशाबाहेर तर मुळीच पाठवू नका. १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित वा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल, तर खासगी माणसाला तो बाहेर नेता येत नाही. तुमची वस्तू त्यात मोडते की नाही हे ठरवण्याचा अधिकार दलालाला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. आणि लंडनला कुणाचं मत हवंच असेल तर फोटो पुरेत. युवराजांच्या हाताचे नमुने विंडसरच्या राजघराण्याच्या दप्तरात आहेत. लुईचे कागद साउदम्प्टन विद्यापीठात, माउंटबॅटन घराण्याच्या संग्रहात आहेत. पण तुमच्या पुस्तकासाठी तिथवर जायची गरज मला दिसत नाही.

मला ओढ वाटते ती दुसऱ्याच शोधाची. १८७५ च्या नोव्हेंबरात मुंबईत कुणी एक एडवर्ड होता. त्याचा पुतण्या किंवा भाचा लुई, आणि त्यानं त्याला प्रार्थनापुस्तक दिलं. पुस्तक कॅथलिक असतं तर मी आधी वसई-वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती किंवा गोव्याच्या घरांकडे वळलो असतो. हे अँग्लिकन आहे, म्हणून कुटुंब बहुधा इंग्रज किंवा अँग्लो-इंडियन असावं. रेल्वेतलं असेल, गोदीतलं असेल, सरकारी कचेरीतलं असेल. अँग्लिकन मुलांना अशी पुस्तकं बहुतेक वेळा कन्फर्मेशनच्या (किशोरवयात श्रद्धा पक्की करण्याच्या) विधीला मिळत, म्हणजे लुई तेव्हा साधारण बारा ते सोळा वर्षांचा धरायला हरकत नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींच्या नकला तेव्हा लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १८५९ ते १८६३ या सालांतले लुई बघायला सुरुवात करा. आडनाव हवं असेल तर बांधणीच्या आतल्या घडीत, मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या कागदाखाली पाहा. तुमच्या पहिल्या फोटोत तिथं कडेला शाईचा एक फाटा बाहेर डोकावतोय. तो कागद स्वतः सोलू नका. जवळच्या कागद-जतन करणाऱ्या माणसाकडे न्या, आणि मागून उजेड टाकून त्या जागेचा एक फोटो मला पाठवा.